गवतकापणीचे यंत्र दगडावर आदळल्यानंतर करावयाची तपासणी व दुरुस्ती

फळबागेतील गवत समूळ खणून न काढता वरच्यावर कापून जागीच पसरू द्यावे, ही पद्धत अलीकडे बागाईतदारांत पुष्कळ रूढ झाली आहे. तिचे गुण वाचकांस ठाऊकच असल्याने त्यांची पुनरुक्ती करीत नाही. या कामासाठी लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे जे फिरत्या पात्यांचे यंत्र मिळते, ज्यास सर्वत्र स्लॅशर असे म्हणतात, ते आता आपल्या भागात अनेकांकडे आहे. यंत्र विकत घेतेवेळी ते जोडावे कसे व चालवावे कसे हे विकणारा दाखवितो. परंतु गवतात दडलेल्या दगडावर ते एकदा आदळल्यानंतर काय पाहावे व कोणत्या क्रमाने पाहावे, हे सांगणारा मनुष्य सहसा भेटत नाही. सबब त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बैलाच्या नांगराची गोष्ट निराळी होती. फाळ खडकावर अडला की बैल थबके, जू मानेवर दाटे, आणि नांगऱ्यास मुठीतूनच ते कळे. यंत्रास असा थबकणारा जीव नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटास ५४० फेरे या ठरलेल्या गतीने फिरविला जातो. यंत्रावरील गिअरबॉक्स ती गती वाढवून बहुतेक स्लॅशरांत पात्यांस मिनिटास १,००० फेऱ्यांच्या आसपास फिरवितो. चार फूट, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर, रुंदीचे गवत कापणारे यंत्र असेल, तर पात्याचे टोक एका फेऱ्यात पावणेचार मीटरांहून किंचित अधिक अंतर जाते. हिशेब केल्यास टोकाचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर भरतो. चालविणाऱ्याने आवाज ऐकून क्लच दाबीपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात पाती सोळा वेळा फिरून गेलेली असतात.

एवढ्या वेगाचा आघात केवळ पात्यावर थांबत नाही. तो पात्यातून त्याच्या बोल्टात, बोल्टातून खालच्या चकतीत, चकतीतून उभ्या शाफ्टात, तेथून गिअरच्या दात्यांत, पुढे पीटीओ शाफ्टच्या क्रॉसांत आणि अखेरीस ट्रॅक्टरपर्यंत जातो. वाटेत जे सर्वांत दुर्बळ असेल ते तुटते, व पुढचे बचावते. मात्र तुटलेली वस्तू डोळ्यांस दिसते म्हणून तेवढीच बदलून काम पुन्हा सुरू करण्याची जी चाल पडली आहे, तीच बहुतेक मोठ्या खर्चाचे व कित्येकदा दुखापतीचे मूळ आहे. आघात ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तपासणी करीत गेले पाहिजे, आणि वाट संपेपर्यंत थांबता कामा नये.

प्रथम अगदी साध्या गोष्टी. आदळल्याचा आवाज येताच पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करावे व किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये; यंत्र जड असल्याने ती बराच वेळ फिरत राहतात. ‘आवाज कसला येतो ते पाहू’ म्हणून यंत्र पुन्हा फिरवून पाहणे हा तर शुद्ध अविचार होय, कारण तडकलेले पाते त्याच क्षणी सुटू शकते. पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून काढून घ्यावा. यंत्र उचलून त्याच्या चौकटीखाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्यावे, आणि मगच हात खाली घालावा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर अधांतरी तोललेल्या यंत्राखाली कोणीही, कितीही अनुभवी असो, शिरू नये. घरातील मुलांस त्या वेळी दूर ठेवावे हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण पाहण्यात असे येते की उघडे यंत्र दिसले की सर्वांत पुढे तीच असतात.

आता पाते. बहुतेक स्लॅशरांत पाती चकतीस एकेका बोल्टाने अशी टांगलेली असतात की आघात झाला असता ती मागे वळावीत. ती हाताने मागेपुढे वळतात की नाही हे पाहावे. गवताचा चोथा व माती साचून पाते जाम झाले असेल, तर वळण्याची सोय असून नसल्यासारखी होते. नंतर पाते वाकले आहे काय हे पाहण्याची युक्ती अशी : सपाट जागी यंत्र ठोकळ्यांवर असता, पात्याच्या टोकाच्या वाटेवर जमिनीत एक खुंटी रोवावी. हातात जाड पोते धरून एक पाते खुंटीवर आणावे, ते पूर्ण बाहेर ओढून व वर दाबून टोकाचे खुंटीपासूनचे अंतर मोजावे. मग दुसरे पाते त्याच खुंटीवर आणून तसेच मोजावे. तीन-चार मिलिमीटरांहून अधिक फरक निघाल्यास तो क्षुल्लक मानू नये.

परंतु फरक निघाला म्हणजे पातेच वाकले असे नव्हे. येथे घाई करून नवीन पाते आणणारे पुष्कळ, आणि ते बसविल्यावरही यंत्र थरथरत राहिले म्हणून दुकानदारास दोष देणारेही पुष्कळ. त्यासाठी दोन्ही पात्यांच्या जागा आपसात बदलाव्या व पुन्हा मोजावे. फरक पात्याबरोबर दुसऱ्या जागी गेला, तर दोष पात्याचा. फरक जागच्या जागी राहिला, तर दोष चकतीचा अथवा उभ्या शाफ्टचा. मग एक ताठ तार यंत्राच्या पत्र्यास घट्ट बांधून तिचे टोक शाफ्टच्या उघड्या भागापाशी जवळजवळ टेकेल असे ठेवावे आणि चकती हाताने सावकाश फिरवावी. तार व शाफ्ट यांमधील फट एका बाजूस वाढून दुसऱ्या बाजूस मिटत असेल, तर शाफ्ट वाकला. शाफ्टपाशी फट सारखी, पण चकतीच्या कडेशी कमीजास्त, तर चकती वाकली. एका तारेच्या तुकड्याने हा निकाल लागतो, आणि मिस्त्रीकडे जाताना आपण काय दुरुस्त करावयास चाललो आहोत हे ठाऊक असते. ते ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाशी मिस्त्रीचे बोलणेही निराळे असते, असा आमचा अनुभव आहे.

वाकलेले पाते ठोकून सरळ करावे काय, अगर तडकलेल्यास वेल्डिंग करावे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. उत्तर नाही असेच आहे. पात्याचे पोलाद तापवून, विझवून व पुन्हा मंद तापवून एका विशिष्ट कसाचे केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या लगतचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, व त्यापलीकडचा भाग आपला कस गमावून मऊ पडतो. वरून पाहता सांधा उत्तम दिसतो, आणि पाते सांध्यावर न तुटता त्याच्या शेजारी तुटते. थंड ठोकून सरळ केलेल्या पात्यात केसासारखी चीर राहण्याचा संभव असतो. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने सुटलेला पोलादाचा तुकडा कोणाच्या पायात शिरेल याचा विचार केला म्हणजे नव्या पात्याची किंमत जड वाटू नये. गावचा लोहार कमानपाट्यापासून पाते घडवून देतो तेही आम्ही पाहिले आहे. कोयता-विळ्यास तो पाटा उत्तम. पण पाणी किती चढले हे केवळ रंगावरून ठरविलेले पाते या वेगास लावणे आम्हांस मान्य नाही.

पाते वरून धड दिसत असेल, तरी चीर पाहण्याची जुनी परीक्षा करावी. पाते स्वच्छ धुऊन, पुसून, बोल्टाच्या भोकाभोवतालच्या भागास व वाकणाच्या जागी रॉकेल लावावे. हल्ली रॉकेल मिळणे दुरापास्त, तर डिझेल लावले तरी भागते. पाव तास थांबून ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे व वर खडूची पूड पातळ चोळावी. चीर असल्यास तिच्यात मुरलेले तेल हळूहळू वर येऊन पांढऱ्या पुडीत काळसर रेघ उमटते. हीच परीक्षा पात्याच्या बोल्टास व चकतीच्या भोकांसही करावी.

पाती बदलावयाची ती जोडीनेच. एक नवे व एक झिजलेले असे बसविल्यास वजनाचा फरक पडतो, आणि हा फरक दिसावयास लहान असला तरी फिरताना लहान राहत नाही. वर सांगितलेल्या यंत्रात टोकापाशी केवळ ५० ग्रॅमांचा फरक असेल, तर १,००० फेऱ्यांस तो शाफ्टला सुमारे ३३ किलो भाराइतक्या जोराने बाहेर खेचतो, व ही ओढ मिनिटास हजार वेळा दिशा बदलते. बेअरिंग व ऑइल सील अकाली जातात ते यामुळे. धार लावताना दोन्ही पाती घरच्या तराजूत तोलून सारखी करावीत.

गिअरबॉक्सची तपासणी हाताने व डोळ्यांनी होण्यासारखी आहे. वरचा योक हाताने सावकाश दोन-तीन पूर्ण फेरे फिरवावा. किंचित ढिलेपणा स्वाभाविक असतो, पण ठरावीक जागी येऊन अडखळ लागत असेल, तर दात्याचा कोपरा उडाला आहे असे समजावे. नंतर तळाचे तेल स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून काढावे व गाळात लोहचुंबक फिरवावा. चकाकणारी बारीक धूळ निघाली तर ती नेहमीची झीज होय. बोटांत करकरणारे कण वा तुकडे निघाले, तर खोलणे आलेच. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. खालच्या ऑइल सीलभोवती गवताची सुतळीसारखी पिळलेली दोरी किंवा ठिबकच्या नळीचा व तारेचा तुकडा गुंडाळलेला पुष्कळदा सापडतो. तो सील कापतो, तेल गळते, व गिअर कोरडे चालून जातात. आणि दोष मात्र दगडाला मिळतो. गिअरबॉक्स ज्या बोल्टांनी पत्र्यास धरलेला असतो ते सर्व ताणून पाहावे, व त्या जागी पत्र्यास चिरा गेल्या आहेत काय ते पाहावे. पत्रा व चौकट साध्या लोखंडाची असल्याने तेथे वेल्डिंग खुशाल करावे. फक्त यंत्र ट्रॅक्टरपासून सोडवून मगच करावे, म्हणजे ट्रॅक्टरच्या विजेच्या भागांस अपाय होणार नाही.

पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस चारी बाजूंस हलवून पाहावे. आत सरकणाऱ्या दोन नळ्या हाताने सहज आतबाहेर झाल्या पाहिजेत; अडकत असतील तर नळी वाकली किंवा पिळली आहे. पुन्हा जोडताना शाफ्टच्या दोन्ही टोकांकडील आतले योक एका रेषेत येतील असे पाहावे, नाही तर प्रत्येक फेऱ्यात झटका बसत राहतो. शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण फुटले असेल तर ते त्याच वेळी नवे घालावे. उघड्या शाफ्टने धोतर अगर उपरण्याचे टोक ओढून घेतल्याच्या गोष्टी शेतकऱ्यांस नव्या नाहीत.

आता ज्या एका लहानशा बोल्टासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. पुष्कळ यंत्रांत पीटीओ शाफ्टच्या यंत्राकडील टोकास एक शिअर बोल्ट असतो. आघात होताच तो कापला जावा, शाफ्ट मोकळा फिरावा व बाकीचे सर्व वाचावे, एवढ्यासाठीच त्याची योजना आहे. तो तुटला म्हणजे त्याने आपले काम केले. परंतु आपल्याकडे तुटणारी वस्तू म्हणजे हलकी वस्तू अशी समजूत असल्याने, तो तुटताच त्याच्या जागी अधिक कणखर बोल्ट घालण्याची प्रवृत्ती होते. आमच्या परिसरातील एका आंबाबागेत असेच झाले. गवतात दडलेल्या दगडाने बोल्ट कापला गेला. दुरुस्त करणाराने ‘हा आता जन्मात तुटणार नाही’ असे सांगून दुसरा बसविला, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. दहा-बारा दिवसांनी पाते एका जुन्या खुंटावर बसले. बोल्ट शाबूत राहिला, आणि आतील गिअरचे तीन दाते उडाले. ऐन पावसाळ्यात, गवत कमरेइतके असता, यंत्र तीन आठवडे पडून राहिले. जो खर्च एका बोल्टाचा व्हावयाचा तो जवळजवळ नव्या गिअरबॉक्सचा झाला.

बोल्ट ओळखणे कठीण नाही. मिलिमीटरी मापाच्या चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. टिंबापूर्वीच्या आकड्यास दहाने गुणिले असता, तो बोल्ट ओढला गेल्यास दर चौरस मिलिमीटरास सुमारे किती किलो भाराला तुटेल हे निघते. म्हणजे ४ आकड्याचा ४० किलोस, ८ चा ८० किलोस व १० चा १०० किलोस. यावरून ४.६ च्या जागी ८.८ घालणे म्हणजे यंत्राचे रक्षण निम्म्यावर आणणे होय, हे ध्यानात येईल. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत जो आकडा व जे माप दिले असेल तेच घ्यावे, व असे पाच-सहा बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावे. याच्या उलट पात्याचा बोल्ट मात्र पुस्तिकेत सांगितला तितक्या वरच्या दर्जाचाच पाहिजे. तेथे स्वस्त बोल्ट घालणारा आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो. बाजारात दोन्ही एकाच डब्यातून निघतात, म्हणून डोके वाचल्याविना बोल्ट घेऊ नये. अडीच सुती बोल्ट व ८ मिलिमीटरचा बोल्ट जाडीस जवळजवळ सारखे दिसतात, पण त्यांचे आटे निराळे असतात. एकाचा नट दुसऱ्यावर बळाने चढविल्यास तो धरल्यासारखा वाटतो, आणि चालू यंत्रात सुटतो.

नवा शिअर बोल्ट घालण्यापूर्वी जुन्याचे तुकडे ठोकून काढावे व भोक पाहावे. भोक लांबट झाले असेल तर नवा बोल्ट आत हिसके खाऊन विनाकारण तुटत राहील. तेव्हा तो भाग बदलावा. तसेच बोल्ट काढलेला असता शाफ्टचे ते टोक हाताने मोकळे फिरले पाहिजे. गंजाने ते चिकटले असेल तर बोल्ट तुटूनही उपयोग नाही. तेथे ग्रीस द्यावे.

काही यंत्रांत शिअर बोल्टाऐवजी स्लिप क्लच असतो. त्यातील चकत्या आघाताच्या वेळी घसराव्या अशी रचना असते. पण उन्हाळाभर पडून राहिल्यास त्या गंजून एकजीव होतात. म्हणून हंगामाच्या आरंभी, व आघातानंतरही, चकत्यांच्या कडेवर खडूची एक सरळ रेघ ओढावी, स्प्रिंगांचे नट सारखे ढिले करावे आणि यंत्र जोडून, सर्वांस दूर ठेवून, दोन-तीन सेकंदच पीटीओ फिरवावा. इंजिन बंद केल्यावर रेघ मोडलेली दिसली तर चकत्या घसरल्या. रेघ अखंड राहिली तर खोलून गंज काढावा. नट पुन्हा पुस्तिकेतील मापाइतकेच आवळावे. स्प्रिंग पार दाबून टाकणारास स्लिप क्लच असूनही नाही.

ट्रॅक्टरच्या बाजूस पीटीओच्या सहा खाचा, त्याभोवतीचे ऑइल सील व तेलाची गळती एवढे पाहिले म्हणजे पुरे. शिअर बोल्ट योग्य असेल तर तेथवर आघात क्वचितच पोचतो.

ज्यांच्याकडे घरापुढील हिरवळीचे लहान पेट्रोल यंत्र आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात पाते बहुधा इंजिनच्या शाफ्टलाच असते. दगड लागून इंजिन बंद पडले व पुन्हा सुरू होईना, किंवा दोरी उलटी हिसकू लागली, तर कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी फ्लायव्हील काढून त्याची चावी पाहावी. ती मऊ धातूची असून अर्धवट कापली जाते. त्यायोगे फ्लायव्हील किंचित सरकते व ठिणगी अवेळी पडते. चावी बदलणे स्वस्त आहे. मात्र त्याच वेळी शाफ्ट वाकला नाही ना हे वरील तारेच्या युक्तीने पाहावे. तो वाकला असल्यास असले इंजिन दुरुस्त करण्याऐवजी बदलणे पुष्कळदा परवडते.

दुरुस्तीबरोबर दगडाचाही बंदोबस्त केला पाहिजे. सुटे दगड वेचून बांधावर घालावे, खुंट जमिनीखाली कापावे, आणि गवत वाढण्यापूर्वी, वैशाखात, एकदा बाग पायी फिरून पाहावी. परंतु कित्येकदा पाते ज्या दगडास लागते तो मोजणीचा हद्दीचा दगड असतो, आणि संतापाच्या भरात तो उपटून फेकला जातो. असे करू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी खातेदारावर आहे, व त्या बुद्ध्या हलविणे वा मोडणे दंडास पात्र आहे. शिवाय आज फेकलेला दगड उद्या शेजाऱ्याशी दाव्याचे कारण होतो, आणि अशा दाव्यांची दप्तरे किती जाड होतात हे आम्ही नोकरीत असता उचलून पाहिले आहे. दगड कलला असल्यास अंदाजाने पुन्हा रोवू नये. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून खूण कायम करून घ्यावी. धड असल्यास त्यास चुना फासावा, शेजारी पुरुषभर उंचीची काठी रोवून तिला फडके बांधावे, आणि भोवतीचे हातभर गवत विळ्याने कापावे.

सर्व भाग बसविल्यावर गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेत सांगितलेले, बहुधा ९० नंबरचे, तेल खुणेपर्यंत भरावे. मागील-पुढील साखळ्यांचा पडदा शाबूत आहे ना ते पाहावे. दगड उडून बाहेर जाऊ नये म्हणून तो असतो, शोभेसाठी नव्हे. यंत्र मोकळ्या जागी नेऊन, जमिनीपासून थोडेच उचलून, प्रथम इंजिन मंद ठेवून फिरवावे व सावकाश गती वाढवावी. थरथर आल्यास तत्काळ थांबवून पुन्हा पात्यांपासून आरंभ करावा. ठीक चालल्यास अर्धा तास गवत कापून यंत्र बंद करावे, ठोकळे द्यावे, आणि पात्यांचे नट पुन्हा ताणावे. नव्या बोल्टाचे नट या पहिल्या अर्ध्या तासात थोडे बसतातच. गिअरबॉक्सवर हात ठेवून पाहावे. हात टिकत नसेल इतका तो तापला असेल, तर तेलाची पातळी व बेअरिंग पाहिल्याविना पुढील ओळ कापावयास घेऊ नये.